उठायचं नाही

१४ सप्टेंबर, रविवार

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमधल्या मोचिझुकीनं आज गाडी धुता धुता सांगितलं. पेट्रोल महागलं म्हणून सांगावं, तशा आवाजात.

"इनागाकी, तुझी लेक टोकियोला, एरियाकेच्या टेनिस कोर्टवर खेळतेय की. मोठी स्पर्धा आहे. पात्रता फेरीत नाव आलंय."

"कुणी सांगितलं?"

"फोनवर वाचलं. चिगुसा वाकाओ, कोफूची. तीच ना?"

मी त्याच्या हातातली नळी घेतली आणि चाकांवर पाणी मारत राहिलो. त्याला पाठ दाखवायची होती. डोळे भरून आले होते माझे.

वाकाओ हे फुमिएचं, माझ्या बायकोचं, माहेरचं आडनाव. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. मोठ्या स्पर्धांमध्ये पंच परदेशी असतात, त्यांना इनागाकी म्हणणं जड जात असेल. तिला कुणीतरी सोपं आडनाव घे म्हटलं असेल.

चार वर्षांत भेट नाही. अठराव्या वर्षी ती टोकियोला गेली, मागोमाग फुमिएही बहिणीकडे नुमाझूला गेली. मी अडवलं नाही. पण एरियाकेपर्यंत तिला कुणी पोचवलं? नदीकाठच्या नगरपालिकेच्या कोर्टवर पहाटे दिवे लावून उभं राहायचं, शाळेआधी दोनशे सर्व्हिस मारून घ्यायच्या, बोटं गारठली की गरम पाण्याच्या थर्मासला लावायला द्यायची आणि परत रांगेत उभं करायचं, हे कुणी केलं? बाकीचे बाप पोरींना जत्रेत गोल्डफिश धरून देत होते.

रजा टाकली. मालक कुरकुरले, सध्या गाडी शिकणाऱ्यांची गर्दी आहे म्हणे. टाकलीच.

तिला कळवणार नाही. एकदम समोर दिसलो की कशी होईल तिची अवस्था!

१६ सप्टेंबर, मंगळवार

फुमिएला सांगणं माझं कर्तव्य होतं. माझ्या फोनवरून तिला फोन लागत नाही, नुमाझूला तिच्या भागात रेंज कमी असावी. म्हणून ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसातून लावला. लगेच उचलला.

"वाकाओ बोलतेय."

"मी आहे."

मग म्हणाली, "कुणाचा फोन हा?"

"ऑफिसचा. ऐक, मी एरियाकेला जातोय. शनिवारी."

"जाऊ नका."

"तिकीट काढलंय."

"फाडून टाका. हात जोडते तुमच्यापुढे. ती आत्ता कुठे सावरलीय. आता दिवा बंद करून झोपते ती."

"म्हणजे?"

"म्हणजे काय ते तुम्हाला नाही कळायचं," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

फुमिएची ही जुनी खोड. बोलणं अर्धवट सोडायचं आणि समोरच्याला दोषी ठरवायचं. दिवा बंद करून झोपते, हे काय सांगण्यासारखं आहे? दिवा बंद करूनच झोपायचं असतं. बावीस वर्षांची झाली ती.

२० सप्टेंबर, शनिवार

पहाटेच्या बसनं टोकियोत शिंजुकूला उतरलो. सोबत द्राक्षांची पेटी. कात्सुनुमाहून स्वतः जाऊन आणली, हिरवी, बिनबियांची, लहानपणी ती सालीसकट खायची ती. कोर्टच्या स्वागतकक्षात दिली. पाठवणाऱ्याचं नाव विचारलं तर "कोफूचा एक हितचिंतक" म्हणालो. तिथली मुलगी हसली.

एरियाकेला सप्टेंबर संपत आला तरी ऊन कमी होत नाही. खाडीवरून वारा येतो पण तोही कोमट. चिगुसाचा सामना बाहेरच्या छोट्या कोर्टवर होता, चार ओळींचे बाक. मी टोपी खाली ओढून, मास्क लावून सगळ्यात वर कोपऱ्यात बसलो. तिच्यावर दडपण नको, म्हणून.

शेजारी एक म्हातारी बाई. स्वतःची उशी, छत्रीच्या कापडाची टोपी, मांडीवर भाताच्या गोळ्यांचा डबा. त्सुरुमी त्यांचं नाव. दर वर्षी येतात, पात्रता फेरीपासून.

"मोठे खेळाडू टीव्हीवर दिसतात हो," म्हणाल्या, "इथे माणसं दिसतात. घ्या, आलुबुखारचा गोळा आहे. आंबट चालतं ना?"

मग चिगुसा आली.

उंच झालीय. खांदे भरलेत. केस कापलेत, कानाच्या वर. मला वाटलं होतं तिला बघून मला काहीतरी ओरडावंसं वाटेल, पण मला ठसकाच लागला. त्सुरुमीबाईंनी मला पाण्याची बाटली दिली.

समोर थायलंडची मुलगी होती. चिगुसा पहिल्या गेमपासून वरचढ. पण एक गोष्ट मला खटकली. चेंडू जाळ्यात गेला की ती हसते. तिची प्रशिक्षक ओनुकी म्हणून बाई आहे, चाळिशीची, उन्हानं रापलेली, तीही खालच्या बाकावरून हसते. चुकल्यावर हसायचं? माझ्याकडे असताना असलं काही नव्हतं.

"या पोरीला मी मागच्या वर्षीही बघितलं," त्सुरुमीबाई हळूच म्हणाल्या. "डाव्या बाजूनं पंच बोलले की मान वळवते बघा. त्या कानानं ऐकू येत नसणार. तरी कशी खेळते!"

"लहानपणी दुखणं झालं होतं कानाचं," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी बाप आहे तिचा."

बाईंनी भाताचा गोळा डब्यात परत ठेवला आणि दोन्ही हातांनी माझा हात धरला. "अहो, मग इतक्या लांब काय बसलात? खाली जा, पुढे बसा! आणि हा मास्क कशाला? लाजता होय?"

"उद्या," मी म्हणालो.

दोन सेटमध्ये जिंकली. उद्या पात्रतेची शेवटची फेरी. ती जिंकली की मुख्य स्पर्धेत.

किबाजवळच्या हॉटेलात उतरलोय. खोलीत हात पसरता येत नाहीत, पण झोप चांगली लागेल.

२१ सप्टेंबर, रविवार

सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी तेच कोर्ट. त्सुरुमीबाईंनी माझ्यासाठी दुसऱ्या ओळीत जागा धरून ठेवली होती, एक उशीही आणली होती. समोर चेक मुलगी, सर्व्हिस जोरकस. चिगुसा बरोबरीनं खेळत होती, चार-चार. तेव्हा मी मास्क काढला. टोपी काढली. तिला आधाराची गरज आहे असं मला वाटलं.

टॉवेल घ्यायला ती आमच्या बाजूला आली आणि वर बघितलं.

टॉवेल तिच्या हातातून पडला. चेंडू देणाऱ्या मुलीनं उचलून दिला तरी घेईना. मग घेतला, तोंड पुसलं, बराच वेळ पुसत राहिली.

आनंदानं माणूस गोंधळतोच. पण त्यानंतर तिचा खेळ कोसळला. सर्व्हिस करताना चेंडू वर नीट जाईना. एक डबल फॉल्ट. दुसरा. मी उभा राहिलो.

हे इथे नोंदवायला हवं. लहानपणापासून आमची ही रीत होती. लागोपाठ दोन सर्व्हिस बाहेर गेल्या की मी उठायचो. बोलायचं काही नाही. उठलो की तिला कळायचं, आता सुधारायला हवं. सुधारली नाही तर मी निघायचो. एकदा मात्सुमोतोहून हरून येताना तिला सुवाच्या अलीकडे गाडीतून उतरवलं होतं. जानेवारी होता. ती पुढे चालत होती आणि मी मागून गाडी अगदी हळू चालवत होतो, मोठे दिवे लावून, म्हणजे तिला रस्ता दिसावा. बापाशिवाय कोण करील एवढं? अकरा वर्षांची असेल. पुढच्या वर्षी तीच स्पर्धा तिनं जिंकली.

तर मी उठलो. तिनं पाहिलं. पुढच्या चेंडूला ती हललीच नाही. चेंडू बाजूनं गेला आणि ती नुसती उभी. पहिला सेट गेला.

"अहो," त्सुरुमीबाई म्हणाल्या, त्यांचा आवाज कालच्यासारखा नव्हता, "मला जरा गार चहा आणून द्याल का? माझे गुडघे दुखतात."

"आत्ता? सामना चाललाय."

"घसा सुकलाय हो माझा."

आता म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं. चहाच्या टपरीवर ही रांग. परत आलो तर दारावरच्या मुलानं अडवलं, खेळाडू बाजू बदलतील तेव्हाच सोडणार म्हणे. तसा पाच-सहा वेळा थांबलो, आणि दर वेळी तिथल्या माणसांनी दुसऱ्याच कुणाला तरी आधी सोडलं. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. शेवटी आत शिरलो तेव्हा चिगुसा जाळ्यापाशी हात मिळवत होती. दुसरा सेट सहा-दोन, तिसरा सहा-तीन.

मी जो धक्का दिला त्यानं ती जागी झाली, हे उघड आहे. बाईंना तसं म्हणालो. त्यांनी चहा घेतला, पण प्यायल्या नाहीत.

फाटकापाशी ओनुकी बाई वाट बघत उभी होती. हातात माझी द्राक्षांची पेटी.

"इनागाकी-सान ना? ही तुमचीच असणार."

"तिच्यासाठी आहेत."

"तिला नको आहेत." तिनं पेटी माझ्या हातात ठेवली. उद्धटपणा नव्हता, फक्त ठेवली. "तुम्ही मुख्य सामन्याला येऊ नये अशी माझी विनंती आहे. मंगळवारी तिचा पहिला मोठा सामना आहे. आयुष्यातला."

"म्हणूनच येणार. तिची सर्व्हिस मी घडवलीय."

"मला माहीत आहे तुम्ही काय घडवलंत. पहिलं वर्षभर तिच्या मागे उभं राहून मी बोलू शकत नव्हते. मागून पावलं ऐकू आली की खांदे वर घ्यायची ती." तिनं स्वतःचे खांदे कानापर्यंत नेऊन दाखवले. "अशी."

"तुमच्या शिकवण्यात काहीतरी कमी असेल."

तिनं वाकून नमस्कार केला आणि गेली.

मत्सर, दुसरं काय. तयार रोपटं मिळालं आणि आता खरा माळी आला.

द्राक्षं खोलीत ठेवलीत. वास येतोय.

२३ सप्टेंबर, मंगळवार

परतीच्या बसमध्ये लिहितोय. अक्षर हलतंय.

आज संपातदिनाची सुट्टी. एरियाकेला माणसांचा पूर. त्सुरुमीबाईंनी पितरांसाठी केलेले लाल चवळीचे गोड गोळे आणले होते, नवऱ्याच्या थडग्यावर ठेवून मग इकडे आल्या. पण ते नंतर.

सकाळी सराव बघायला लोक जाळीला लागून उभे असतात. मीही उभा राहिलो. चिगुसा ओनुकी बाईशी चेंडू मारत होती. मला बघितलं. या वेळी हातातलं काही पडलं नाही. तिनं रॅकेट बाकावर ठेवली, ओनुकीला हातानं थांब म्हणून खूण केली आणि सरळ जाळीकडे आली. ओनुकी दोन पावलं पुढे आली, मग थांबली.

"इकडून या," चिगुसा म्हणाली. "माझ्या उजवीकडून. तिकडून मला ऐकू येत नाही."

मी सरकलो. मध्ये जाळी. चार वर्षांनी तिचा आवाज ऐकला. जाड झालाय जरा.

"बारीक झालीस," मी म्हणालो.

"एक विचारायचंय, बाबा. एकदाच विचारणार आहे."

"विचार की."

"माझ्या कानाला काय झालं होतं?"

आजूबाजूला लोक होते. एक बाई मुलाला आइस्क्रीम भरवत होती. मी आवाज खाली आणला. "हे काय आत्ता? चेंडू लागला होता. मीच नेलं ना तुला दवाखान्यात? डॉक्टरांनाही तेच सांगितलं."

"त्या दिवशी पाऊस पडून गेला होता. कोर्टवर पाणी साचलं होतं. चेंडूंची टोपली गाडीतच होती. आपण ती बाहेर काढलीच नव्हती."

"इतकं जुनं कुणाला आठवतंय!"

"मला आठवतंय."

"चिगुसा, आज तुझा मोठा दिवस आहे. असल्या गोष्टी डोक्यात घेऊन…"

"फक्त सांगा. चेंडू होता का?"

"चेंडूच होता," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. रागावली नाही, रडली नाही. एखाद्या दुकानात हवी ती वस्तू नाही म्हटल्यावर माणूस जशी हलवतो तशी मान. मला बरंच वाटलं. वाटलं, मिटलं एकदाचं.

"बरं," ती म्हणाली. "ओनुकी-सान तुम्हाला आत सोडू नका असं सांगणार होत्या. मी नको म्हटलं. तुम्ही बसा आज. पण उठायचं नाही. मी डबल फॉल्ट करीन, हरेन, काहीही होईल. सगळी माणसं बसतात तसं शेवटपर्यंत बसायचं. एवढं जमेल?"

"एवढंच ना?"

"एवढंच."

मी त्सुरुमीबाईंना जाऊन सांगितलं की आमचं बोलणं झालं. त्या म्हणाल्या, "काय म्हणाली?" मी म्हणालो, "बसा म्हणाली." त्यांनी माझ्या हातात एक गोड गोळा दिला. "मग बसा हं. मी आहे बाजूला."

सामना मोठ्या कोर्टशेजारच्या कोर्टवर होता. खच्चून गर्दी. समोर कझाकस्तानची, मानांकन असलेली. चिगुसानं पहिला सेट जिंकला तेव्हा लोक बाकांवर पाय आपटत होते. दुसरा गेला. मी बसून होतो. माझ्या मागचा माणूस दर गुणाला "वाकाओ!" म्हणून ओरडत होता. एकदा मीही ओरडलो, पण आडनाव नाही, नावानं. तिनं वळून बघितलं नाही.

तिसरा सेट, चार-चार. सर्व्हिस चिगुसाची. पहिलाच डबल फॉल्ट. मी बाकाची कड धरली. त्सुरुमीबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. दुसरी सर्व्हिस जाळ्याला लागून आत पडली, ती परत घेतली, बाहेर. मग पुन्हा बाहेर.

मी कधी उठलो मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. बाईंनी बाही ओढली तेव्हा कळलं की मी उभा आहे.

"बसा! अहो, बसा ना!"

चिगुसानं चेंडू दोनदा आपटला, वर बघितलं आणि थांबली. रॅकेट खाली केली. चेंडू हातात धरून नुसती उभी राहिली.

पंचांनी भोंग्यावरून सांगितलं, प्रेक्षकांनी कृपया बसून घ्यावं. सगळे बसलेले होते. मागून कुणीतरी म्हणालं, "ए काका, बस की!" दुसरा म्हणाला, "दिसत नाही आम्हाला!" सर्व्हिसचं घड्याळ संपलं. पंचांनी चिगुसाला वेळेची ताकीद दिली. ती तरी मारेना. तिला दंड होईल, गुण जाईल, हे तिला कळत होतं. ती माझ्याकडे बघत होती.

मला बसायचं होतं. इथे कुणी वाचणारं नाही, तेव्हा लिहितो. मला बसायचं होतं, पण गुडघे वाकेनात. इतकी वर्षं उठल्यावर मी कधी परत बसलोच नव्हतो. काय करतात तेच पायांना ठाऊक नव्हतं.

आणि तिचा चेहरा. मला वाटलं होतं तो मला माहीत आहे. खांदे वर नव्हते. भीती नव्हती. ती कुणातरी अनोळखी माणसाची वाट बघत होती, बसतोय का जातोय.

मी गेलो. बाकांमधून वाट काढताना कुणाच्या तरी पायावर पाय पडला, माफीही मागितली नाही. पायऱ्या उतरत होतो तेव्हा मागे रॅकेटचा आवाज आला, एकच, कोरडा, आणि मग सगळं कोर्ट ओरडलं. सरळ आत गेलेली सर्व्हिस असणार. आवाजावरून कळतं मला.

बाहेर पेयांच्या यंत्रापाशी उभा राहिलो. आत काय चाललंय ते टाळ्यांवरून ओळखायचा प्रयत्न करत होतो. कुणासाठी टाळ्या ते कळत नव्हतं. शेवटी माणसं बाहेर पडायला लागली. दोन शाळकरी पोरी हसत चालल्या होत्या, एक म्हणाली, "वाकाओ कसली भारी ना! पुतळ्यासारखी उभी राहिली." म्हणजे जिंकली.

त्सुरुमीबाई काठी टेकत आल्या. माझी टोपी बाकावर राहिली होती, ती आणून दिली.

"शेवटचे दोन्ही गेम तिनं घेतले," म्हणाल्या.

"मी गेल्यावर."

"हो. तुम्ही गेल्यावर." त्यांनी काठी यंत्राला टेकवली. "माझा नवरा गेला तेव्हा माझ्या धाकट्या मुलानं त्याच्यासाठी उदबत्तीही लावली नाही. अजून लावत नाही. आज सकाळीही मी एकटीच गेले होते. मी त्याला कधी विचारलं नाही का ते. तुम्हाला ती विचारत होती ना काहीतरी, सकाळी?"

"जुनं काहीतरी."

"बरं," त्या म्हणाल्या. "परवाचा सामना टीव्हीवर दाखवतील. घरूनच बघा."

द्राक्षं त्यांना द्यावी म्हणून पेटी पुढे केली. नको म्हणाल्या.

२४ सप्टेंबर, बुधवार

कामावर गेलो. मोचिझुकीनं विचारलं, "भेट झाली का रे?"

झाली म्हणालो.

दुपारी फुमिएला ऑफिसातून फोन लावला. तिथूनही लागत नाही आता.

२५ सप्टेंबर, गुरुवार

स्टेशनमागच्या 'होतो' शेवयांच्या खानावळीत जेवायला गेलो. चिगुसाचा दुसरा सामना तिथे मोठ्या टीव्हीवर लावला होता, आमच्या प्रांताची पोरगी म्हणून. दुपारची वेळ, पाच-सहा गिऱ्हाइकं. मालकीणबाई भोपळा चिरता चिरता बघत होत्या.

चिगुसा हरली. अमेरिकन मुलगी फारच वरचढ होती. पण दुसऱ्या सेटमध्ये तिनं पाच-पाच पर्यंत खेचलं, आणि एकदा डबल फॉल्ट केल्यावर स्वतःशीच हसली. कोपऱ्यातला ट्रकवाला म्हणाला, "हरतेय आणि हसतेय बघ!" पण चांगल्या अर्थानं म्हणाला.

हरल्यावर मुलाखत घेतली. त्याआधी मंगळवारचं दृश्य दाखवलं. चिगुसा चेंडू धरून उभी, आणि मग प्रेक्षकांत एक माणूस, एकटाच उभा, तोंड उघडं, हात दोन्ही बाजूंना लोंबते. म्हातारी बाई त्याची बाही ओढतेय. मी इतका म्हातारा दिसतो हे मला ठाऊक नव्हतं.

"हा कोण खुळा?" ट्रकवाला म्हणाला.

मी वाडग्यावर वाकून बसलो. मालकीणबाईंनी एकदा टीव्हीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत भोपळ्याकडे.

मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, "त्या प्रेक्षकामुळे तुमचं लक्ष विचलित झालं होतं. ताकीदही मिळाली. ओळखीचे कुणी होते का?"

चिगुसानं उजवा कान त्याच्याकडे केला, प्रश्न पुन्हा ऐकला. "नाही," म्हणाली. "ओळखीचे नव्हते. ते बसतील असं वाटलं म्हणून थांबले. बसले नाहीत. मग सर्व्हिस केली."

"आणि टेनिस कुणी शिकवलं तुम्हाला?"

"ओनुकी-सान," ती म्हणाली. "माझं खरं टेनिस चार वर्षांचंच आहे."

लोक हसले. ती वाकली आणि गेली. नंतर हवामानाचा अंदाज लागला.

ट्रकवाला उठून गेला. मालकीणबाईंनी माझ्यासमोर चहा ठेवला. हळूच, बाकी कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाल्या, "कोफूचीच ना ही मुलगी? तुम्ही ओळखता का तिला?"

सांगता आलं असतं. या गावात हे सांगण्याचा हक्क असलेला मी एकटाच माणूस आहे. दोनशे सर्व्हिस, नदीकाठ, थर्मास, सगळं तोंडाशी आलं होतं.

"नाही," मी म्हणालो.

बाईंनी मान हलवली. परत भोपळा चिरायला लागल्या. मी जेवण संपवलं, खुर्ची आत सरकवली, आणि बाहेर आल्यावर बराच वेळ कुठल्या दिशेला जायचं ते सुचत नव्हतं.